डोंबिवलीहून नागपूर, व्हाया अरबी समुद्र

माझ्या प्रवासाच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात निळ्या पुठ्ठ्याची एक छोटी वही असते. तिच्यात चार रकाने आखलेले आहेत: तारीख, चाके जमिनीवरून सुटली ती वेळ, चाके पुन्हा जमिनीला टेकली ती वेळ आणि मधली मिनिटे. २०१४ च्या डिसेंबरपासून मुंबई-नागपूर आणि नागपूर-मुंबई असे जेवढे विमानप्रवास मी केले, त्या प्रत्येकाची एक ओळ या वहीत आहे. आज अशा एक्याण्णव ओळी झाल्या आहेत, आणि वहीचा पुठ्ठा कोपऱ्यांत इतका मऊ पडला आहे की तो आता कापडासारखा लागतो.

ही सवय मला आईने लावली. बाबा त्या वर्षी गेले आणि आई खामल्याच्या घरात एकटी राहू लागली, तेव्हापासून महिन्या-दीड महिन्याने माझी नागपूरला फेरी सुरू झाली. आई निवृत्त गणित शिक्षिका आहे. पहिल्याच फेरीत तिने विचारले की विमानाला किती वेळ लागतो, आणि मी सहज सांगितले, दीड तास. ती म्हणाली, "कोण म्हणतं दीड तास?" मी म्हटले, तिकिटावर तसे छापलेले असते. त्यावर तिने, आठवीच्या वर्गात उत्तर बरोबर पण रीत न लिहिलेल्या मुलाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "छापलेलं सोड. तू मोजून पाहिलं का कधी?"

मी मोजले नव्हते. तोवर माझ्या मनात मुंबई ते नागपूर हे अंतर म्हणजे रेल्वेचे ८३७ किलोमीटर होते, कारण लहानपणापासून तोच आकडा तिकिटावर पाहिलेला होता. कसारा घाटात मागून जोडले जाणारे बँकर इंजिन, मध्यरात्री मनमाड, पहाटेच्या आधी भुसावळ आणि उजाडताना अकोला-बडनेरा, असे ते ८३७ किलोमीटर मला पाठ होते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि तेव्हापासून या दोन शहरांमधले अंतर म्हणजे एक रात्र, अशी आमच्याकडच्या चार-पाच पिढ्यांची समजूत झाली. बाबा सरकारी नोकरीत होते आणि कामासाठी त्यांना मंत्रालयात जावे लागे. त्याला घरात 'दोन रात्री आणि एक दिवस' असे नाव होते. किलोमीटरचा उल्लेख कधीच होत नसे. कोस आणि मजल मोजणाऱ्या लोकांचा हिशेबही याहून वेगळा नसावा, कारण मजल म्हणजे तरी काय, माणूस आणि बैल एका दिवसात थकतील तेवढी वाट.

आता त्याच दोन शहरांत तिसरे एक अंतर आले आहे. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. रेल्वेपेक्षा रस्ता सव्वाशे-दीडशे किलोमीटरने कमी, ही गोष्ट आईला फार आवडली होती, कारण रेल्वे खानदेशातून वळसा घेते हे ती पूर्वीपासून सांगत आली होती. मात्र रस्त्याचे ७०१ किलोमीटर आमण्यापाशी संपतात आणि मुंबई तिथे संपत नाही, हे तिला पटवून द्यायला मला नकाशा काढावा लागला.

आणि विमानाचे अंतर? दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या पाठीवर सर्वांत जवळची रेषा ओढली, तर ती सुमारे ६८३ किलोमीटर भरते. वैमानिकांच्या हिशेबात हे साधारण ३६९ सागरी मैल होतात. सागरी मैल ही मला सर्वांत प्रामाणिक मोजणी वाटते, कारण ती कुणा राजाच्या पावलावरून किंवा बैलाच्या दमावरून आलेली नाही; अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे जवळपास एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. आईने हा भाग ऐकला आणि लगेच कागद घेतला. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तरेवर आणि नागपूरचा २१.०९ वर, म्हणजे उत्तरेकडे बरोबर दोन अंश, एकशेवीस सागरी मैल. बाकी सगळे अंतर पूर्वेकडचे. "म्हणजे आपण मुंबईच्या वर नाहीच," ती म्हणाली, "आपण मुंबईच्या शेजारी आहोत, फक्त लांबचे शेजारी." नकाशात नागपूर नेहमी उजव्या कोपऱ्यात वर दिसते, त्यामुळे ते मुंबईच्या बरेच उत्तरेला आहे असे मलाही वाटत असे. प्रत्यक्षात ही वाट जवळजवळ सगळी पूर्वेची आहे.

या ६८३ ला विमानाच्या वेगाने भागले तर उत्तर पन्नास मिनिटांच्या आसपास येते. तिकिटावर दीड तास किंवा त्याच्या पाच मिनिटे अलीकडे-पलीकडे छापलेले असते. माझ्या वहीत नागपूरकडे जातानाची सरासरी सहासष्ट मिनिटे आहे आणि परतीची चौऱ्याहत्तर. सरासरी आईने काढली आहे, तेव्हा ती तपासायची माझी हिंमत नाही. पण एकाच प्रवासाची ही तीन उत्तरे कशी, याचा शोध घेताना मला जेवढी मजा आली, तेवढी विमानाच्या खिडकीतूनही आलेली नाही.

तिकिटावरचा वेळ हा उडण्याचा नसतोच. विमान उभे असते तेव्हा त्याच्या चाकांना लाकडी किंवा रबरी ठोकळे लावलेले असतात, त्यांना त्या जगात चॉक म्हणतात. ते चॉक काढल्यापासून दुसऱ्या गावी ते पुन्हा लावेपर्यंतचा सगळा काळ म्हणजे ब्लॉक टाइम, आणि वेळापत्रकात छापतात तो हाच. त्यात विमान मागे ढकलणे आले, धावपट्टीकडे रांगेत सरकणे आले आणि मुंबईत तर ही रांग हेच एक स्वतंत्र गाव आहे. मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते, आणि त्या एकीवरून दिवसाला नऊशेहून अधिक विमाने चढतात-उतरतात. तुमचे विमान धावपट्टीच्या तोंडाशी सातव्या क्रमांकावर उभे असेल तर खिडकीतून पुढची सहा शेपटे मोजत बसण्याखेरीज दुसरे काम नसते. विमान कंपन्यांना हे सगळे ठाऊक असते आणि म्हणून त्या छापील वेळात थोडी हवा भरून ठेवतात. मग नागपूरला उतरताना वैमानिक अभिमानाने सांगतो की आपण वेळेच्या बारा मिनिटे आधी पोहोचलो आहोत, आणि प्रवासी खूश होतात. आई याला 'पेपर सोपा काढून मुलांना पास करणे' म्हणते. मला तिच्याइतका राग येत नाही, पण तिचे म्हणणे चूक आहे असेही मला म्हणता येत नाही.

माझ्यापुरती खरी गंमत याच्याही आधी सुरू होते, कारण मी मुंबईत राहत नाही, डोंबिवलीत राहतो. डोंबिवली विमानतळाच्या ईशान्येला आहे, म्हणजे नागपूरच्याच बाजूला. संध्याकाळी सहाच्या सुमाराचे विमान असेल तर मी अडीच-पावणेतीनला घरातून निघतो आणि नागपूरकडे पाठ करून पश्चिमेला जाऊ लागतो. कल्याण-शीळ रस्ता, मग ऐरोलीचा पूल किंवा त्या दिवशी ज्याची कृपा असेल तो मार्ग, मग अंधेरीची गर्दी, असे तास-दीड तास मी माझ्या मुक्कामापासून दूर जात राहतो. तिथे दोन तास रांगा आणि वाट पाहणे. मग विमान सुटते तेही वर्षातले बरेच दिवस समुद्राकडे तोंड करून, कारण वारा पश्चिमेचा असतो आणि विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उडावे लागते. जुहूचा किनारा पायाखालून जातो, क्षणभर खिडकीत फक्त पाणी असते, आणि पूर्वेला जायला निघालेला मी अरबस्तानच्या दिशेने चढत असतो. मग विमान कलते, पंखाचे टोक पाण्याकडे झुकते आणि एक मोठे वळण घेऊन सगळी मुंबई पुन्हा पायाखाली येते.

एका मार्चमध्ये, स्वच्छ हवेच्या संध्याकाळी, मी खिडकीत कपाळ टेकून बसलो होतो. ठाण्याची खाडी गेली, मुंब्र्याचा डोंगर ओळखू आला, आणि मग उल्हास नदीचे ते कोयत्यासारखे वळण दिसले ज्याच्या काठावर रविवारी सकाळी मी चालायला जातो. रेल्वेचे रूळ, पत्रीपुलाच्या बाजूचा गिचमिड भाग आणि खाडीकडे उतरणाऱ्या इमारतींचे पांढरे ठिपके. त्यातला एक माझा असणार. मी घड्याळ पाहिले. घर सोडून तीन तास वीस मिनिटे झाली होती आणि मी जवळपास माझ्या गच्चीवर आलो होतो, फक्त दहा हजार फूट उंचीवर. इथून कल्याण स्टेशन रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटे, आणि कल्याणला नागपूरची गाडी थांबते. हा विचार मी लगेच बाजूला सारला, कारण तो विचार करत राहणारा माणूस विमानाचे तिकीट काढूच शकत नाही. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे आणि तिथून नागपूर सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर जवळ पडते. मला मात्र त्या पंधरा किलोमीटरशी कर्तव्य नाही. उलट्या दिशेचा रस्ता किती कमी होतो एवढेच मी पाहणार आहे.

डोंबिवली मागे पडल्यावरही विमान चढतच असते. ही गोष्ट मला वही सुरू केल्यावर कळली. पस्तीस हजार फुटांवर पोहोचायला विमानाला दीड-दोनशे किलोमीटर लागतात आणि उतरायला त्याहून थोडे जास्तच, कारण दर हजार फुटांना तीन सागरी मैल हा उतरणीचा ढोबळ हिशेब आहे. ६८३ मधून हे दोन्ही वजा केले तर सपाट, निवांत उड्डाण उरते ते वीस-पंचवीस मिनिटांचे. केबिनमधल्या मुली त्या वीस मिनिटांत सामोसे आणि चहाची गाडी एवढ्या घाईने का फिरवतात, हे तेव्हा समजले. संभाजीनगर आणि बुलढाण्याच्या मध्ये कुठेतरी चहाचा कप हातात येतो आणि अमरावतीच्या अलीकडे कचऱ्याची पिशवी. चढण आणि उतरण यांच्यामध्ये पठार जवळजवळ नाहीच, असा हा प्रवास आहे.

जाताना सहासष्ट आणि येताना चौऱ्याहत्तर यातला आठ मिनिटांचा फरक कुठून आला, हे मी आईला आधी मुंबईच्या गर्दीवर ढकलून सांगितले होते. तिने हिवाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या ओळी वेगळ्या केल्या आणि दाखवले की फरक हिवाळ्यात मोठा आहे, पावसाळ्यात आकसतो. कारण वर आहे. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर उंच थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ते नागपूरला जाणाऱ्या विमानाला मागून ढकलतात आणि परतणाऱ्याला छातीवर अडवतात. पावसाळ्यात हे पश्चिमी वारे उत्तरेला सरकतात आणि वरचा वारा उलट पूर्वेकडून येऊ लागतो. माझ्या वहीतला सर्वांत छोटा प्रवास जानेवारीतला आहे: एकोणसाठ मिनिटे. त्या ओळीपुढे आईने लाल पेनाने बरोबरची खूण केली आहे. आकाशातही जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या उंचीचा नियम असतो, पूर्वेकडे जाणारे तेहतीस, पस्तीस, सदतीस अशा विषम हजारांवर आणि पश्चिमेकडे जाणारे बत्तीस, चौतीस, छत्तीस अशा सम हजारांवर, हे मी तिला सांगितले तेव्हा ती मनापासून हसली. तिच्या शाळेतही जिन्याला असाच नियम होता.

ही वाट जवळजवळ सगळी पूर्व-पश्चिम असल्याचा आणखी एक परिणाम आहे, जो घड्याळात दिसत नाही. दोन शहरांच्या रेखांशात सहा अंशांहून थोडे अधिक अंतर आहे, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात. म्हणजे नागपूरचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सरासरी पंचवीस मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरमध्ये सूर्यास्ताचा फरक जवळपास अर्ध्या तासाचा होतो. आई देवापाशी दिवा लावते तेव्हा माझ्या बाल्कनीत अजून कपडे वाळत असतात. फोनवर ती म्हणते, "संध्याकाळ झाली," आणि मी म्हणतो, "अजून कुठे?" या एवढ्याशा गोष्टीवरून आमचे कितीतरी वेळा उगाच वाजले आहे.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने ती बराच काळ मनावर घेतली नाही. शहराची स्वतःची 'बॉम्बे टाइम' होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. मुंबईच्या त्या हट्टाबद्दल मला एरवी हसू येते, पण डिसेंबरातल्या संध्याकाळी तो पटतो. परतीच्या प्रवासात तर त्याचा प्रत्यक्ष अनुभव येतो. आपल्या अक्षांशावर दिवस-रात्रीची सीमारेषा ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पश्चिमेला सरकते आणि विमान त्याच्या निम्म्या वेगाने तिच्यामागे धावत असते. त्यामुळे सूर्यास्ताच्या बेताला नागपूरहून निघालो की तो सूर्यास्त जमिनीवरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ चालतो. क्षितिजावरची ती नारिंगी पट्टी संपतच नाही. नागपूरकडे जाताना याच्या उलट. सूर्य पाहता पाहता मागे पडतो आणि चहा संपायच्या आत रात्र झालेली असते.

रात्रीच्या या वाटेशी आमच्या घराचा आणखी एक जुना संबंध आहे. बाबांचे बालपण नागपूरच्या विमानतळाजवळ, सोनेगावच्या बाजूला गेले आणि ते सांगत की लहानपणी मध्यरात्री त्यांना विमानांच्या आवाजाने जाग येई. तो आवाज रात्रीच्या हवाई टपालाचा होता. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, १९४९ मध्ये, ही योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांहून डाकोटा विमाने टपालाच्या थैल्या आणि थोडे प्रवासी घेऊन रात्री निघत, चारही नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि मग ज्याचे ते विमान आपापल्या गावी परते. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात पोहोचे. डाकोटाचा वेग आजच्या विमानाच्या जेमतेम एकतृतीयांश, म्हणजे मुंबईहून नागपूरला तिला अडीच तास तरी लागत असणार. या चौघांत नागपूरला सर्वांत जवळची मुंबई. दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे आणि कलकत्ता हजाराच्या घरात. म्हणजे मुंबईच्या डाकोटाने सर्वांत उशिरा निघून चालत असावे, असा माझा आपला अंदाज. बाबा मात्र ठामपणे सांगत की मुंबईचे विमान नेहमी शेवटी येई. सहा वर्षांच्या मुलाला अंथरुणात पडल्या पडल्या ते कसे कळे, हे विचारायचे राहून गेले.

देशाचे टपाल ज्या गावात एकमेकांना भेटे, त्या गावात शून्य मैलाचा दगडही असावा हे साजेसेच आहे. चार घोडे आणि दगडी स्तंभ असलेले हे स्मारक सगळ्या नागपूरकरांच्या अभिमानाचा विषय आहे. खरे तर १९०७ सालचा हा दगड सर्वेक्षण खात्याची उंची मोजण्याची खूण आहे, पण हे नागपुरात फार मोठ्याने बोलू नये. त्याच्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरे कोरलेली आहेत आणि मुंबई त्यांत नाही. त्या काळी नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती आणि मुंबई हा दुसराच प्रांत होता. दोन्ही एका राज्यात आले ते १९५६ मध्ये, आणि त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने सरकारने दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात भरवावे असे ठरले होते. बाबांच्या 'दोन रात्री आणि एक दिवस' याची ही परतफेड म्हणायची. परतफेड डिसेंबरात होते, आणि नेमकी तेव्हा विमानाची भाडी अशी चढतात की अधिवेशनाच्या पंधरवड्यात मी निमूटपणे रेल्वेने जातो.

आईची स्वतःची एक मोजणी आहे आणि माझ्या वहीपेक्षा तीच जास्त बरोबर निघाली आहे. ती फोनवर एकच प्रश्न विचारते, "दार लागलं का?" विमानाचे दार लागले की तिच्या हिशेबाने मी घरात यायला सव्वादोन तास. चॉक, रांग, वारा, उतरणे, बॅग, वर्धा मार्ग आणि खामल्याचा चौक, सगळे त्यात धरलेले. त्याप्रमाणे ती गोळाभात लावते. गोळाभात थांबत नाही; भातावर वाफवलेले डाळीच्या भरड्याचे गोळे गरम असतानाच कुस्करावे लागतात आणि त्यावर फोडणीचे कढत तेल पडावे लागते. मी चप्पल काढताना मोहरी तडतडते, असे एक्याण्णवपैकी निदान तीस वेळा तरी झाले असेल. वैमानिकाने बारा मिनिटे लवकर पोहोचल्याची घोषणा केली त्या दिवशीही मोहरी माझ्या चपलांबरोबरच तडतडली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये मी असाच परत मुंबईला निघालो होतो. विमान नागपूरहून संध्याकाळी सातनंतर उडाले. नाशिकच्या आसपास आल्यावर पंखाखालचे ढग पुन्हा पुन्हा त्याच बाजूने येऊ लागले, तेव्हा आपण घिरट्या घालतो आहोत हे लक्षात आले. मुंबईत मुसळधार पाऊस होता आणि खाली उतरण्यासाठी बरीच विमाने थांबली होती. वैमानिक अधूनमधून शांत आवाजात सांगत राहिला की आणखी पंधरा मिनिटे लागतील. चाळीस मिनिटांनी त्याने सांगितले की आता इंधनाचा विचार करावा लागेल, जवळच्या विमानतळांवर जागा नाही आणि आपण नागपूरला परत जात आहोत. कुणी आरडाओरडा केला नाही. माझ्या शेजारचे वयस्कर गृहस्थ एवढेच म्हणाले, "म्हणजे फिरायलाच आलो होतो म्हणा."

चाके पुन्हा नागपूरच्या धावपट्टीला टेकली तेव्हा उड्डाणाला एकशे सदुसष्ट मिनिटे झाली होती. दुसऱ्या दिवशीच्या विमानाचा गोंधळ, काउंटरवरची हुज्जत आणि रिक्षावाल्याशी घासाघीस होऊन घरी पोहोचायला साडेअकरा झाले. आईने दार उघडले, माझ्याकडे आणि बॅगेकडे पाहिले आणि विचारले, "काहून, काही विसरला का?"

मी सगळे सांगितले. ती ऐकताना खुर्चीवर बसली, मग तिने बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याकडे हात केला. मी वही दिली. तिने चष्मा लावून तारीख लिहिली, सुटल्याची वेळ विचारून लिहिली, टेकल्याची वेळ लिहिली, वजाबाकी स्वतः केली आणि शेवटच्या रकान्यात १६७ मांडले. मग पेन तसेच धरून थोडा वेळ थांबली आणि रकान्याच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरात 'अंतर ०' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, उत्तराखाली ओढतात तशा.

"भात आहे उरलेला," वही मिटताना ती म्हणाली, "पण गोळे नाहीत. तेल तापवू का नुसतं?"